गाडी ढकलण्याचा मान

आळेफाट्यावर नाशिक रस्त्याला, टायरवाल्यांच्या रांगेत धम्मपालचं दुकान होतं. ट्रकचे दिवे, ट्रॅक्टरचे सेल्फ, जीपचे हॉर्न, जे काही वायरीवर चालतं ते त्याच्याकडे यायचं. माणूस कमी बोलायचा आणि गिऱ्हाइकावर पटकन खेकसायचा. तरी लोक त्याच्याचकडे यायचे, कारण त्याने हात लावलेलं काम पुन्हा बिघडत नसे. तरुणपणी दोन वर्षं तो खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या कामावर ठेकेदाराच्या हाताखाली केबली ओढत होता. प्रत्येक वायरीला नंबर असतो आणि तो वहीत लिहून ठेवायचा असतो, हे तो तिथे शिकला.

दुकानाच्या छताला एक जुना डायनामो तारेने टांगलेला असायचा. भंगारवाल्यांनी कितीदा मागितला, पण तो त्याने कधी दिला नाही.

तो डायनामो येडगावच्या संपतरावांच्या गाडीचा. संपतरावांच्या वडिलांनी अठ्ठावन्न साली एक मोठी काळी विलायती गाडी घेतली होती, आसपासच्या गावांत तेवढी एकच. दहा-बारा वर्षांत तिचा डायनामो थकला. चालत्या गाडीत बॅटरी भरायचं काम त्याचं. ते त्याच्याने होईना, मग बॅटरी कायम उपाशी, आणि सेल्फ मारला की नुसतं कण्हणं. नवा डायनामो शोधायची कोणाला गरज वाटली नाही, कारण गावात माणसं होती. बौद्धवस्तीत निरोप यायचा, "भागुजी, गाडी काढायचीय," आणि भागुजी, म्हणजे धम्मपालचा बाप, ताटावरून उठून आणखी तिघांना घेऊन पळायचा. चौघांनी ढकलायची. इंजिन पेटलं की गाडी निघून जायची आणि हे चौघं धुरात उभे.

याच भागुजीने छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती. गावकीची कामं त्याने तेव्हाच टाकली. मेलेलं ढोर ओढणार नाही, सांगावा घेऊन गावोगाव पळणार नाही, दारोदार भाकरी मागणार नाही. त्यापायी मार खाल्ला, पण मागे हटला नाही. गाडी मात्र आली त्यानंतर दोन वर्षांनी. सोडायच्या कामांत गाडी ढकलणं नव्हतंच, त्यामुळे ते कधी मानेवर बसलं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे लग्नात नवरदेवाची गाडी ढकलली की भागुजीला नारळ आणि टोपी मिळू लागली, आणि लोक त्याला भागुजीचा मान म्हणू लागले. धम्मपालला या शब्दाची मनापासून चीड होती. बाप मात्र त्या टोप्या ट्रंकेत घडी घालून ठेवायचा.

अठ्ठ्याण्णव साली संपतरावांच्या मुलाचं, अमृतचं लग्न ठरलं. संपतराव स्वतः दुकानावर आले.

"धम्मा, वडलांची गाडी तेवढी जिती कर. नवरदेव तिच्यातनंच जायचा."

"करतो, आबा. मजुरी नको मला. फकस्त पयल्या फेरीला माझ्या बापाला म्होरच्या सीटवर बसवायचं."

"एवढंच? बसव की राव!" संपतराव हसत म्हणाले.

जवळजवळ तीस वर्षं ज्या गाडीला बापाने मागून हात लावला, त्या गाडीत त्याने एकदा तरी पुढे बसावं, आणि वस्तीतल्या कोणालाही तिला पुन्हा ढकलावं लागू नये. धम्मपालला एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी त्याने चार महिन्यांचे सगळे रविवार संपतरावांच्या शेडमध्ये घातले.

बॉनेट उघडलं तर आत उंदरांनी संसार मांडलेला. वायरींवरचं सुती वेष्टण बोट लागताच भुगा होऊन गळत होतं, आणि आधीच्या मिस्त्रींनी जागोजाग टेप गुंडाळून आपली पापं झाकली होती. त्याने एकूण एक वायर काढली, अंगणात गाडीच्याच आकारात मांडली, मोजली, नंबर टाकले. मग नव्या रंगीत वायरी कापल्या, टोकांना जोडणीचे थिंबल दाबले. सबंध गाडीला मिळून दोन फ्यूज होते, तिथे आठ बसवले. डायनामोच्या जागी भंगारातून आणलेला मारुतीचा अल्टरनेटर बसवायचा, तर तो बसेना. त्याचं ब्रॅकेट लेथवाल्याकडून तीनदा करून घेतलं. त्या जुन्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, हल्लीच्या गाड्यांच्या अगदी उलट. तसाच ठेवला असता तर अल्टरनेटर पहिल्याच झटक्यात जळाला असता. त्याने तेही सगळं फिरवून घेतलं. शेवटच्या रविवारी चावी फिरवली, तर अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन पेटलं. बॅटरी भरतेय हे दाखवत मीटरचा काटा प्लसकडे गेला, आणि हेडलाइट लावले तरी तिथेच राहिला. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, तरी धम्मपाल मोठ्याने हसला.

उतरवलेला डायनामो त्याने घरी नेऊन बापापुढे ठेवला. "ह्यो गेला. आता ढकलायचं सपलं, आबा-बिबा कुनाचंच न्हाई ढकलायचं." भागुजीने डायनामोवरून हात फिरवला.

लग्नाच्या सकाळी भागुजी पांढराशुभ्र सदरा घालून आला. धम्मपालने झेंडूच्या माळा घातलेली गाडी चालू करून दारात आणून लावली, खाली उतरून दुसऱ्या बाजूचं पुढचं दार उघडलं आणि बापाला हाक मारली. तेवढ्यात संपतरावांनी खिडकीतून हात घालून चावी बंद केली. उघड्या दारातून नवरदेवाचा मामा पुढच्या सीटवर जाऊन बसला, आणि स्टिअरिंगवर संपतरावांचा ड्रायव्हर.

"आबा, चालू व्हती गाडी," धम्मपाल म्हणाला.

"ठावं हाय रं. पर आधी मान व्हऊ दे. भागुजीचा हात लागल्याबिगर आमच्या घरची वरात न्हाई निघत."

"आन तुमी मला जे बोलला व्हता?"

"बसव की मग येखाद्या दिशी. आज पावणं हायेत."

भागुजीने बाह्या केव्हाच वर सारल्या होत्या. त्याच्याबरोबरचे तिघं एव्हाना वारले होते. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा एकटाच डिकीला टेकला. गाडी तसूभर हलेना. सगळं वऱ्हाड बघत होतं, पण हात कोणी लावला नाही, कारण मान दुसऱ्याचा होता.

"धम्मा, ये की," बाप धापा टाकत म्हणाला.

धम्मपाल गेला. ज्या गाडीतली प्रत्येक वायर त्याला नंबरासकट पाठ होती, ती गाडी त्याने बापाशेजारी खांदा लावून ढकलली. ड्रायव्हरने चावी ऑन करून गियर टाकला आणि दोन पावलांत इंजिन पेटलं. सदऱ्यावर धूर बसला. बापाच्या डोक्यावर टोपी चढली.

परतताना धम्मपालने विचारलं, "तुला बसायचं व्हतं का न्हाई?"

"बसून काय व्हतंय?" भागुजी म्हणाला. "बसनाऱ्याला कोन वळखतं? ढकलायला नाव घेऊन बोलवत्यात."

या बोलण्याचा धम्मपालला जेवढा राग आला तेवढा संपतरावांचाही कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने डायनामो दुकानात टांगला.

भागुजी दोन हजार सहामध्ये गेला. त्या गाडीत तो कधीच बसला नाही. तो "येखादा दिस" आठ वर्षांत उगवला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर संपतराव दुकानावर भेटायला आले, टायरवर बसले, चहा प्यायले. शेजारचे दुकानदार म्हणाले, बघा, किती साधा माणूस.

"भागुजी गेला, पर मान जायला नको," संपतराव कप ठेवत म्हणाले. "आता त्यो तुझ्याकडं आला. फुडच्या म्हयन्यात आमच्या धाकट्या लेकीचं, श्रेयाचं लगीन हाय. पाठवनीच्या टायमाला ये."

धम्मपालने स्टुलावर चढून डायनामो सोडवला आणि तसाच ग्रीसचा त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा परत बसवून घ्या, आबा. मान चालवायचा आसंल तर गाडी नादुरुस्त पायजे. माझं काम ढकलायसाठी न्हाई."

संपतराव धोतराकडे बघत उठले. डायनामो त्यांनी पायरीवर ठेवला आणि "लई शिकलास" एवढंच बोलून गेले. धम्मपालने तो पुन्हा छताला टांगला. महिनाभर तो जरा ताठ चालला, हे त्याच्या बायकोनेही पाहिलं.

श्रेयाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ जानकू दुकानावर आला. डोक्यावर नवी कोरी टोपी, हातात लाडवांचा पुडा.

"म्या सोता जाऊन आबास्नी म्हनलो, धम्मा न्हाई म्हनतोय तर मी हाय," जानकू म्हणाला. "मान आपल्याच घरात ऱ्हायला. आन तुझं काम, काय सांगू! चुलता उगाच येवढा दमायचा. दोनच पावलं ढकलली, लगीच चालू."

धम्मपालने लाडू घेतला आणि बराच वेळ तो हातातच धरून बसला.