टकटककाकांचा शेरा

शहराच्या वृक्ष विभागात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. ऑफिसात त्यांना साहेब म्हणत, पण रस्त्यावर सगळ्यांचे ते टकटककाका. हातात लाकडी हातोडी घेऊन झाडाभोवती फिरायचे, खोडावर टकटक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. लाकूड भरीव असलं तर आवाज खणखणीत येतो, आतून कुजलं असलं तर बद्द. मग घेर मोजून कागदावर तीनपैकी एक शेरा लिहायचा: ठेवावे, छाटावे, काढावे.

'काढावे' लिहिताना त्यांचा हात जड व्हायचा. अर्ज तर ढिगानं यायचे. पानं पडून गाडी घाण होते, अशी तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की गाडीला चाकं आहेत, झाडाला नाहीत, तेव्हा हलायचं कुणी ते तुम्हीच ठरवा. छाटणीच्या टोळीचा मुकादम ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला रंगवून सांगायचा.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी एक किल्लीवाला बसायचा. लहानसं टेबल, किल्ल्या घासायचं मशीन, खोडाला ठोकलेल्या खिळ्यांवर किल्ल्यांचे जुडगे. झाड कललंय, असा समोरच्या इमारतीतून अर्ज आला, म्हणून काका पाहायला गेले. रस्त्याच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच. तेवढ्यात किल्लीवाल्यानं आपलं स्टूल पुढे केलं, चहा मागवला.

"काका, एवढं काढू नका हो," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं याच्याच सावलीत बसतोय. उन्हात कोण थांबणार किल्ली करून घ्यायला?"

काकांनी चहा संपवला आणि लिहिलं: ठेवावे, रस्त्याकडच्या फांद्या हलक्या कराव्यात. फांद्या महिन्याभरात छाटल्याही गेल्या.

चार महिन्यांनी, वाऱ्याची झुळूकही नसताना, भर दुपारी ते झाड मुळासकट कोसळलं. किल्लीवाला त्याखाली सापडून टेबलापाशीच गेला.

चौकशी झाली. दोन वर्षांपूर्वी पाइप टाकताना रस्त्याकडची मुळं तोडून वर काँक्रीट ओतलं होतं, असं निघालं. बाहेरून कुणालाच कळलं नसतं, असा अहवाल आला. काकांवर ठपका आला नाही. सहकाऱ्यांनी, सुटलात बुवा, म्हणून पाठ थोपटली. तो बद्द आवाज आणि तो चहा याबद्दल मात्र काका चौकशीत बोलले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांना प्रत्येक खोड पोकळ ऐकू यायला लागलं. धडधाकट झाडाखालीही ते फार वेळ उभे राहत नसत. शेरा एकच असायचा: काढावे. शाळेसमोरची रांग गेली, दवाखान्याच्या आवारातली मोठी झाडं गेली. वर्षभरात पावणेदोनशे. इतकी वर्षं त्यांच्या नावानं बोटं मोडणारे अर्जदार आता त्यांना कामाचा माणूस म्हणू लागले. घरी बायको विचारायची, की कसलं टेन्शन आहे. ते म्हणायचे, काही नाही.

एक दिवस मुकादम ऑफिसात आला आणि ताटाएवढी, अजून ओली असलेली खोडाची चकती त्यानं टेबलावर ठेवली.

"साहेब, बघा. एक डाग नाही. आज सहा पाडली, सहाही अशीच. आपण हे काय चालवलंय?"

काकांनी चकतीवरून हात फिरवला. मग त्यांनी पहिल्यांदाच ते सगळं सांगितलं. मुकादम खुर्चीवर बसून ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, की हे मला सांगून काय होणार, जिला सांगायला हवं तिच्याकडे जा.

रविवारी काका किल्लीवाल्याच्या घरी गेले. त्याची बायको पार्सलच्या गोदामात खोकी बांधायचं काम करायची. बोटांना चिकटपट्टीचे काप होते. कोपऱ्यात ते मशीन कपड्यानं झाकून ठेवलेलं. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं, काहीही न लपवता.

"त्या दिवशी घरी आल्यावर हे तुमच्याबद्दलच सांगत होते," ती म्हणाली. "झाड वाचलं म्हणून खूश होते." तिनं मशीनवरचा सरकलेला कपडा नीट केला. "तुम्ही सांगून मोकळे झालात, काका. मी काय करू याचं?"

ती चिडली नाही, रडली नाही, बसाही म्हणाली नाही. ते बाहेर पडल्यावर तिनं दार हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या आवाजाबद्दल लेखी जबाब दिला. प्रकरण बंद झालंय, असं म्हणून वरच्या साहेबांनी तो फाइलला लावला. काकांनी तपासणीचं काम स्वतःहून सोडलं. पाडायची राहिलेली बेचाळीस झाडं दुसऱ्या तपासनिसानं मुकादमाला सोबत घेऊन पुन्हा पाहिली. एकतीस ठेवण्याजोगी निघाली. गेलेल्यांच्या जागी काही ठिकाणी रोपं लागली, बरेचसे खड्डे सिमेंटनं बुजवले गेले.

आता ते निवृत्त आहेत. चालायला जातात ते बायकोबरोबर, पण रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं कधीच नाही. सुरुवातीला ती दंडाला धरून त्यांना झाडांकडे ओढायची. हल्ली ती छत्री उघडते आणि उन्हातून त्यांच्याबरोबर चालत राहते.