तेहतीस मीटर

दादाच्या पिकअपखाली आमच्या गावचे टेलरकाका आले, तेव्हा मी सुट्टीला गावी आले होते. सकाळचे दहा वाजले असतील. आईजवळ बसून मेथी निवडत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला.

"बाई, पुलापाशी ये. लवकर ये. आईला सांगू नको."

अर्धापूरहून नांदेडकडे जाताना आमच्या फाट्याच्या थोडं पुढे एक लहानसा पूल आहे. मी स्कूटीवर पोचले तोवर काकांना कुणीतरी जीपमध्ये घालून नांदेडला नेलं होतं. सायकल कडेला पडलेली होती, मागचं चाक दुमडलेलं. कॅरिअरला बांधलेल्या पिशवीतून शाळेच्या गणवेशाचं निळं कापड बाहेर आलं होतं. पिकअपचं तोंड पुलाच्या कठड्यात घुसलं होतं, आणि केळीचे अर्धे घड रस्त्यावर. दादा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. 

"चाळीसच्या वर नव्हतो मी," तो म्हणाला. "काका एकदम मधी आले. बघितलंच न्हाई त्यांनी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग फोन काढून चार फोटो घेतले. पोलीस येतील, विचारतील, तेव्हा दादाच्या बाजूनं काहीतरी हाताशी असावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दादा खोटं बोलत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. का आलं नाही, ते सांगायला हवं. दहावीनंतर मला लातूरला शिकायला पाठवायला वडील तयार नव्हते. पोरीला एकटीला ठेवायची नाही, विषय संपला. दादा तेव्हा शाळा सोडून शेतात लागलेला होता. तो वडिलांसमोर बसला आणि म्हणाला, "मला शिकायचं नव्हतं, मी न्हाई शिकलो. हिला शिकायचंय." आठ दिवस तो रोज जेवायच्या वेळी तेच बोलत राहिला. शेवटी वडील थकले. मला मोटारसायकलवर बसवून, गादी आणि पत्र्याची पेटी मागं बांधून, लातूरच्या खोलीवर त्यानंच सोडलं. मी डॉक्टर झाले नाही, तेवढे मार्क पडले नाहीत. पण तिथं भौतिकशास्त्राची जी गोडी लागली ती सुटली नाही. आज लातूरच्याच एका ज्युनिअर कॉलेजात मी तो विषय शिकवते. गावात मला नावानं कमी आणि 'फिजिक्सची मॅडम' म्हणून जास्त ओळखतात. ही ओळख दादानं दिलेली होती, असं मी धरून चालले होते.

काका वाचले. मांडीचं हाड जोडलं, पण उजवा गुडघा वाकेनासा झाला. पायानं मशीन चालवणाऱ्या माणसाचा गुडघा. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, गाडी लई जोरात होती. ते घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "तू जाऊन बोल ना त्यांच्याशी. माझं ऐकणार न्हाईत. तू फिजिक्सची मॅडम, तुझं ऐकतील."

मी गेले. काका खाटेवर होते, पाय उशीवर. काकूंनी चहा दिला आणि दारापाशी उभ्या राहिल्या.

"मी दोन्हीकडं बघितलं होतं, ताई," काका म्हणाले. "गाडी पार त्या लिंबाच्या झाडापाशीही आली नव्हती. लांब होती. म्हणून तर निघालो."

तेव्हा मी त्यांना जे सांगितलं ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. मी म्हटलं, "काका, सरळ आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर डोळ्यांना नीट कळत नाही. वर्गात मी हे मुलांना शिकवते. तुम्हाला लांब वाटली, पण ती जवळ असणार. यात तुमचा दोष नाही, डोळ्यांचा आहे. आणि दादा खोटं बोलत नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखते."

काकांनी उशीवरचा पाय हातानं जरा सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणता म्हणजे असंल. माझंच चुकलं असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं लिहून दिलं. पोलिसांत प्रकरण मिटलं. मी लातूरला परतले.

पुढं चार-पाच महिन्यांनी मी सहामाहीची प्रश्नपत्रिका काढत होते. कार्य आणि ऊर्जेच्या धड्यावर एक गणित हवं होतं. मी लिहिलं : एक गाडी ताशी चाळीस किलोमीटर वेगानं जात आहे. चालक ब्रेक दाबतो, चाकं फिरायची थांबतात, गाडी घसरत जाते. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक अमुक, तर गाडी किती अंतरावर थांबेल?

चाळीस हा आकडा मी मुद्दाम घेतला नव्हता. सोपा होता म्हणून घेतला. उत्तर काढलं. साडेदहा मीटर.

सवयीनं मी उत्तर पटण्यासारखं आहे का ते बघते. साडेदहा मीटर म्हणजे आमच्या वर्गाच्या लांबीहून थोडं जास्त. पटलं. मग मला पुलापाशी रस्त्यावर उमटलेले टायरचे दोन काळे पट्टे आठवले. ते वर्गाएवढे नव्हते. बरेच लांब होते.

फोनमधले फोटो शोधले. दुसऱ्या फोटोत सगळं होतं. डावीकडे कडुलिंबाचं झाड, तिथून निघालेले दोन पट्टे, आणि थेट पुलाच्या पांढऱ्या कठड्यापर्यंत आलेले. सायकल कठड्याच्या अगदी अलीकडे. फोटोवरून अंतर कळत नव्हतं, पण लिंब आणि कठडा कुठं पळून जाणार नव्हते.

त्या रविवारी मी प्रयोगशाळेतला दहा मीटरचा टेप पिशवीत टाकला आणि सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. तिथून दुसरी गाडी धरून फाट्यावर उतरले. घरी कळवलं नव्हतं. टेपचं टोक दगडाखाली दाबायचं, चालत जायचं, खडूनं खूण करायची, परत यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघून घेतलं, कुणी विचारलं नाही. तीन टेप आणि वर तीन मीटर. तेहतीस.

तिथंच लिंबाखाली बसून वहीत गणित केलं. घर्षण गाडीची सगळी गतिज ऊर्जा खातं, तेव्हा ती थांबते. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वेग दुप्पट केला की थांबायला चौपट रस्ता लागतो. तेहतीस मीटर घसरायला गाडी ताशी सत्तरच्या वर असायला हवी. मी घर्षणांक कमी धरून पाहिला, दादाच्या फायद्याचा. तरी चौसष्ट. आणि हा वेग पट्ट्यांच्या शेवटी गाडी थांबली असं धरून. ती थांबली नव्हती, कठड्यात घुसली होती. म्हणजे खरा वेग याहूनही जास्त.

पण मला जे बोचलं ते वेगळंच होतं. चाळीसनं असता, आणि याच लिंबापाशी ब्रेक मारला असता, तर गाडी काकांच्या बावीस मीटर आधी थांबली असती. काका सायकलवरून उतरून, दादाला चार शब्द सुनावून, गणवेशाचं कापड घेऊन घरी गेले असते.

मी तिथून सरळ आमच्या केळीच्या बागेत गेले. दादा घडांना निळ्या पिशव्या घालत होता. मला बघून खूश झाला.

"तू कधी आलीस? फोन तरी करायचा."

"दादा, त्या दिवशी गाडी किती होती?"

त्याचे हात थांबले. "सांगितलं ना तुला. चाळीस."

मी वही दाखवली. त्यानं वहीकडं बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माल भरलेला होता गाडीत. भरलेली गाडी लवकर थांबत न्हाई. ते धरलंस का तुझ्या गणितात?"

"चाकं लॉक झाल्यावर वजनानं फरक पडत नाही. गाडी जड असली की घर्षणही तेवढंच वाढतं. दोन्हीकडून कटतं."

"म्हणजे तू आता भावावर गणितं करून राहिलीस."

मी वही मिटली. तो बांधावर जाऊन बसला. खिशातला रुमाल काढून मान पुसली, परत घडी घालून ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "नव्वद असंल. मार्केट गाठायचं होतं. फोन वाजला, बघायला गेलो, मान वर केली तर काका समोर."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"तुला खरं सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी तशी बोलली असतीस का?"

"नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला.

इतकं साधं होतं ते. मला वाटत होतं तो घाबरून बोलून गेला, आणि मग मागं फिरता आलं नाही. तसं नव्हतं. त्याला ठाऊक होतं की मला खोटं बोलता येत नाही, आणि म्हणून त्यानं मला खरं कळू दिलं नाही. मी मनापासून बोलले म्हणूनच काकांना पटलं. ज्या शिक्षणासाठी तो वडिलांशी आठ दिवस भांडला होता, तेच त्यानं माझ्या हातून वापरून घेतलं. मी बांधावर उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं.

"काकांना सांगणार हाय का तू?" त्यानं विचारलं.

"हो."

"आईचा विचार कर."

मी निघाले.

काका पाय लांब करून, एका हातानं मशीनचं चाक फिरवत बटणपट्टी शिवत होते. तेवढंच काम जमत होतं. मी सगळं सांगितलं, फोटो दाखवला, आकडे दाखवले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मी बघितलं ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं, काका. गाडी लांबच होती. जोरात होती म्हणून पोचली."

"मी तुमच्या दादाची माफी मागितली, ताई. नारळ घेऊन घरी गेलो होतो, कुबडीवर. त्यानं नारळ घेतला." ते थांबले. "मला आता रस्ता ओलांडायची भीती वाटते. डोळे दगा देतात असं वाटतं. दोनदा नंबर तपासून आलो."

काकू दारातून म्हणाल्या, "हे गणित तुम्ही तवाच का न्हाई केलं? फोटो तर तुमच्याकडं होता."

  माझ्या वर्गातलं कुठलंही पोर असं न मोजता उत्तर घेऊन आलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

मी पोलीस ठाण्यात जबाब दिला. मापं, फोटो, गणित, सगळं लिहून दिलं. हवालदारानं दोनदा विचारलं, "मॅडम, सख्खा भाऊच ना?" प्रकरण पुन्हा उघडलं आहे, तारखा चालू आहेत. काकांच्या मशीनला मोटार बसवली आहे, ती डाव्या पायानं चालते. मी गेले की काका बोलतात. काकू चहा देतात, पण समोर बसत नाहीत.

आई फोन करते. पाणी, हवा, माझी तब्येत, सगळं विचारते. दादाचं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही.

परवा तारखेहून परतताना नांदेडच्या बसस्टँडवर मी लातूरच्या गाडीला उभी होते. गर्दी होती. दादा समोरच्या फलाटावरून आला.  माझ्या हातातली बॅग घेतली, गाडी लागताच खिडकीतून आत टाकून माझी जागा धरली. मी चढले, बसले. तो खिडकीखाली उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, तो चाकाकडे बघत होता. गाडी हलली तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला आणि वळून गेला.