दोन बोटं माया

शिंपीमास्तरांचा एकच हट्ट: शिवणीच्या आत दोन बोटं माया हवीच. माया म्हणजे आत दडवलेलं जादा कापड. पोट सुटलं की उसवून कपडा सैल करता येतो. कापड वाचवा असं कुणी म्हणालं, की मास्तर खेकसायचे, "उद्या बटण लागेना झालं, की माझ्याच नावानं शंख करणार ना?"

आणि नेमका याच माणसाचा उजवा अंगठा एका टेम्पोनं चिरडला! मास्तर बिचारे स्कूटरवरून मुकाट आपल्या बाजूनं चालले होते. टेम्पोवाल्यानं हात जोडले, रडलासुद्धा. पण टेम्पोचा विमा? दोन वर्षांपूर्वीच संपलेला. घरात विकायला भांडंही नाही. त्याच्याकडून काय डोंबल मिळणार? डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन झालं तरच पुन्हा कात्री धरता येईल.

मग मास्तर आपल्या स्कूटरची पॉलिसी घेऊन विमा कचेरीत गेले. एकदा नाही, पाचदा! कधी साहेब जेवायला, कधी मशीन बंद, कधी झेरॉक्स पुसट. पाचव्यांदा कुठे कारकुनानं कागद उलटले.

"मास्तर, समोरच्याचा विमा नसेल तर भरपाई आम्ही देतो. पण त्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं. ते तुम्ही खोडलंय."

"मी? मी कशाला खोडीन?"

कारकुनानं बोट ठेवलं. तिथं मास्तरांचीच लफ्फेदार सही, आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात: 'जादा काही नको. बेताचं द्या.'

"अहो, मला वाटलं तुम्ही काहीतरी गळ्यात मारताय! मग आता जोडा की!"

"जोडतो. पण ते पुढच्या अपघाताला लागू होईल."

"पुढच्या? दुसरा अंगठा शिल्लक आहे म्हणून?" मास्तर एवढ्यानं ओरडले, की सगळी कचेरी वळून बघायला लागली. कारकुनानं उठून त्यांना पाणी दिलं. त्याच्या अंगावरची पँट मास्तरांनीच शिवलेली होती, दोनदा सैल करून दिलेली.

महिना उलटला. ऑपरेशन काही झालं नाही. आता कात्री बायको चालवते, आणि मास्तर शेजारी बसून डाव्या हातानं खडूच्या वाकड्यातिकड्या रेघा मारतात. परवा ती म्हणाली, "अहो, कापड कमी पडतंय. माया काढून टाकू का?"

एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांना रडूच कोसळलं.

"नको गं," ते म्हणाले, "एकदा काढली मी, तेवढी बास."