फिल्मवरचा दुसरा डाग

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एमएस्सी केलं, अमरावतीच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात फिजिसिस्ट झाले. पेशंटला किरण द्यायच्या आधी ते मोजायचे, हे माझं काम. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी छाती ठोकून सांगायची.

मग बाबाच पेशंट झाले.

बाबा वरूडच्या मंडीत संत्र्याचा हर्रास बोलायचे. "एक वार, दोन वार, तीन!" तीन म्हटलं की माल गेला. आवाज असा की ट्रकचा हॉर्न लाजावा. त्यांच्या मेंदूत मागच्या बाजूला गाठ निघाली, वाटाण्याएवढी.

"मेलो तरी चालते वं," बाबा म्हणाले, "पन आवाज राह्यला पायजे. मुक्या मानसाले मंडीत कोन पुसते?"

"राहील बाबा. मी स्वतः मोजीन."

किरणांच्या एवढ्या बारीक झोतात डोस मोजायचा नेहमीचा डिटेक्टर चालत नाही. तोच झोतापेक्षा मोठा पडतो आणि डोस कमी दाखवतो. म्हणून टाचणीच्या डोक्याएवढा डिटेक्टर, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, आणि शेवटी फिल्म. प्लास्टिकच्या नकली डोक्यात फिल्म ठेवून पेशंटसाठी आखलेला किरणांचा प्लॅन त्यावर चालवायचा. किरण पडतात तिथं ती काळी पडते.

बाबांच्या फिल्मवर दोन डाग आले.

एक हवा तिथं. दुसरा पुढे, डावीकडे... नवीन फिल्म घेतली — दोन. दुसऱ्या पेशंटचा प्लॅन चालवला — एकच. पुन्हा बाबांचा — दोन. त्या जागी डिटेक्टर ठेवला तर डोस काहीच नाही. सिम्युलेशनमध्येही नाही. मग फिल्म एमआरआयशी जुळवून पाहिली. दुसरा डाग बरोबर बोलण्याच्या जागेवर. एमआरआय पुन्हा काढला. तिथं साफ.

बाहेर खुर्चीत बाबा. "काय वं मॅडम, मशीन बिघडली का पोरगी?"

मी सांगितलं.

"मंग दोन्ही जाळून टाक ना. एकावर एक फुकट!"

डॉक्टर मात्र माझ्यावर उखडले. "चांगल्या मेंदूवर किरण मारू? फिल्म फेका. डिटेक्टर सांगतो ते धरा."

धरलं. आजही तेच धरेन.

ट्रीटमेंट उत्तम झाली. पुढच्या एमआरआयमध्ये मागची गाठ मेलेली होती. आणि डावीकडे, फिल्मवर दुसरा डाग होता तिथंच, तेवढीच गोल... नवी. चुकून किरण गेले असते तर तिथं जळलं असतं, उगवलं नसतं. मग जी गाठ तेव्हा नव्हतीच, ती फिल्मला कशी दिसली? माझ्यापेक्षा शिकलेल्यांना विचारून झालं.

त्या गाठीलाही किरण दिले, पण शब्द जायचे ते गेले. एकच उरला आहे.

पाणी पाहिजे?

"दोन."

दुखते का बाबा?

"दोन."

परवा विचारलं, मी कोण? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मंडीत उचलायचे तसा हात उचलला आणि खणखणीत ओरडले, "दोन!"

आवाज मात्र राहिला. मी म्हटलं होतं तसा.

आता ड्युटीवरून आले की मी त्यांच्या तोंडाकडे पाहत बसते. पुढचा आकडा येऊ नये म्हणून.