आईची तिथी नेमकी कोणती

आई गेल्यापासून लखनौच्या निशातगंजातली आम्ही दोन-चार मराठी घरं एकत्र बसलो की तिचे किस्से निघतात. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या आसपासचे सगळे, पण कुठला आधीचा, कुठला नंतरचा, यावर एकमत नाही. मी तिचा मुलगा, बँकेतला, आणि सगळ्यात गोंधळलेला मीच.

*

आई नाशिकची, माझ्या बदलीपायी लखनौला आलेली. इथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, कारण यांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो आणि आपला अमावास्येनंतर. आई म्हणाली, "देवाने कुठला धरलाय कोण जाणे. दोन्ही पाळू."

दीड महिना घरात कांदा-लसूण बंद. माझा मुलगा म्हणाला, "आजी, ये तो चीटिंग है."

"मुकाट्याने जेव," आई म्हणाली.

*

जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठातल्या, मंगळवारी इथे हनुमानाच्या नावाने रस्तोरस्ती पुरी-सब्जी वाटतात. एकदा आईने बाजारापलीकडच्या एका मांडवात डोकावून विचारलं, "तुलसी कहाँ है? नैवेद्य ऐसा नहीं होता."

ती रिक्षाने घरी जाऊन तुळशीचं पान घेऊन येईपर्यंत तिथे वाढणाऱ्या आमच्या शेजारच्या मिसराजींनी वाटप थांबवलं. "माताजी का पत्ता आ जाए, तब बँटेगा," असं ते उन्हातल्या अख्ख्या रांगेला अदबीने सांगत होते. कोणी कुरकुरलं कसं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

*

थंडी सरता सरता ती गेली. अंत्ययात्रेत पुढे मिसराजींची माणसं "राम नाम सत्य है" म्हणत होती आणि मागे आमची मंडळी "श्रीराम जय राम जय जय राम". मिसराजी वळून म्हणाले, "भई, एक ही बोलिए, माताजी कन्फ्यूज हो जाएँगी."

घाटावर मी पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं, तर पंडितजींनी विचारलं, "ऐसे क्यों?" मला सांगता येईना. असलं काही अडलं की मी आईलाच विचारायचो. तिथे पहिल्यांदा रडू आलं.

निघताना पंडितजींनी तिथी चिठ्ठीवर लिहून दिली. फाल्गुन कृष्ण पंचमी.

*

वर्षश्राद्ध तरी चोख करायचं ठरवलं. ताईने नाशिकहून पाठवलेल्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी शोधली. तारीख महिनाभर पुढची आली, पण तिथी मागेपुढे होतेच म्हणून सोडून दिलं. रजा काढली, बायकोने पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला, आणि मी ताईला एसटीडी लावला.

"अरे, आज रंगपंचमी," ताई म्हणाली. "पंडितजींचा फाल्गुन कृष्ण म्हणजे आपला माघ वद्य. आईची तिथी गेल्या महिन्यातच झाली."

ज्या बाईने दोन-दोन श्रावण पाळले, तिचं श्राद्ध मी चुकवलं होतं. शेवटी खिरीचं ताट घेऊन मिसराजींकडे गेलो आणि त्यांच्या बायकोला, भाभीजींना, खरं काय ते सांगून टाकलं.

त्या ओशाळल्या. "हमने सोचा, आप लोग भूल गए. बताते तो आपको शर्मिंदगी होती. सो पिछले महीने तिथि पर एक ब्राह्मणी को माताजी के नाम से हमने भोजन करा दिया."

भाभीजींनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो भैया, आज यह किसका है?"