रुमालाखालचा सौदा आणि माझ्या एकवीस अटी

त्या दुकानदाराने तलवारीची किंमत सांगितली आणि ती कमी करून मागण्याची मला सोयच नव्हती, येथून या साऱ्या प्रकरणाची सुरुवात झाली.

दुकानदार संगणकाच्या पडद्यावर होता. नागपूरला राहणारी माझी मुलगी आपला जुना लॅपटॉप माझ्या पत्रव्यवहारासाठी पांढुर्ण्याला ठेवून गेली होती आणि त्यात एक खेळ राहून गेला होता. आपण एक पात्र व्हायचे, गावोगाव हिंडायचे, राक्षसांशी लढायचे, वाटेत दुकानांतून शस्त्रे आणि औषधे घ्यायची, असा तो खेळ. राक्षसांबद्दल माझी तक्रार नव्हती. परंतु दुकानदार एक भाव सांगतो आणि गिऱ्हाइकापुढे ‘घ्या’ किंवा ‘जा’ एवढेच पर्याय उरतात, हे मला सहन होईना. सौंसरच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी उभी हयात लोकांचे अर्ज आणि करारनामे लिहिले आहेत. करार म्हणजे प्रस्ताव, प्रतिप्रस्ताव आणि स्वीकृती. यातला मधला टप्पा गाळणारा बाजार मी ना आमच्या भागात पाहिला, ना कायद्याच्या पुस्तकात.

मी तत्काळ पत्र लिहिले. तिगाव स्टेशनवरच्या मोडक्या बाकाबद्दल रेल्वेला आणि तुंबलेल्या नालीबद्दल नगरपालिकेला ज्या भाषेत मी लिहितो, त्याच भाषेत लिहिले. हे पत्र मात्र इंटरनेटवरच्या एका फोरमवर गेले. असे खेळ हौसेने घरी बसून तयार करणारी माणसे तेथे जमतात. खेळाचा सांगाडा त्यांना फुकट मिळतो. त्यात नवे काही घालायचे असल्यास कोणीतरी एक छोटी स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकुमांचा एक कागदच म्हणा, आणि ती सर्वांसाठी ठेवून देतो. कोणी पाऊस पाडणारी स्क्रिप्ट ठेवतो, कोणी झाडांची चित्रे, कोणी नगाऱ्याचे आवाज. माझ्या सविस्तर, मुद्देसूद, साधार तक्रारीला तेथून एकच उत्तर आले : ‘मग तुम्हीच करा.’

इतके उद्धट उत्तर मला कोणत्याही सरकारी कार्यालयाने दिले नव्हते. मुळात कोणत्याही सरकारी कार्यालयाने मला उत्तरच दिले नव्हते. संतापाने मी खुर्चीतून उठलो, घरात येरझाऱ्या घातल्या आणि परत येऊन स्क्रिप्ट कशी लिहितात ते शिकायला बसलो.

शिकणे कठीण गेले नाही. ‘जर असे घडले, तर तसे करावे, अन्यथा पुढील तरतूद लागू होईल’, ही भाषा मला नवी नव्हती. अडचण वेगळीच आली. भाव कमी करण्याची बोलणी पडद्यावर दाखवायची कशी? खेळणारा म्हणतो दहा, दुकानदार म्हणतो वीस, असे लिहून पाहिले, तर ते बाजारासारखे न वाटता शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखे वाटू लागले.

माझी पत्नी मागे उभी राहून पाहत होती. ती रामाकोन्याची. तिचे वडील बैलांची खरेदी-विक्री जुळवून देत. आमच्याकडे अशा दलालाला हेडी म्हणतात.

“काय करून राहिले जी तुमी?” तिने विचारले.

मी सांगितले.

“असा तोंडानं भाव बोलते का कोनी? सारा बाजार आयकते. रुमाल टाका, रुमाल.”

आणि तिने खांद्यावरचा स्वयंपाकघरातला पंचा माझ्या हातावर टाकून त्याखाली माझी बोटे धरली. बैलबाजारात हेडी असेच करतो. रुमालाखाली आकड्याइतकी बोटे धरून भाव सांगायचा, समोरच्याने आपली बोटे धरून उत्तर द्यायचे. भोवती माणसांची गर्दी असते आणि दिसतो तो केवळ हलणारा रुमाल. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही.

“तुमच्या तोंडावर तं सारंच दिसते,” ती म्हणाली. “तुमाले बैल कायचा भेटते! बकरीबी नाही भेटत.”

“आणि सौदा ठरला हे कधी मानायचे?”

“हेड्यानं रुमाल उचलला का ठरला. मंग माहा बाप कोनाचं आयकत नव्हता. रडा नाही तं बोंबला.”

कायद्याच्या दृष्टीने इतकी स्वच्छ तरतूद मी क्वचितच पाहिली होती. मी ती जशीच्या तशी स्क्रिप्टमध्ये घातली. ज्या दुपारी पडद्यावरचा तो लालसर चौकोनी रुमाल पहिल्यांदा आपोआप हलला, त्याखाली बोटे चालली, दुकानदाराने मान हलवली आणि तलवार निम्म्या किमतीत माझ्या पात्राच्या हाती आली, त्या दुपारी मी अशी आरोळी ठोकली की शेजारचे गृहस्थ काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटले घरात साप निघाला. मी त्यांनाही तलवार घेऊन दाखवली. त्यांना काही कळले नाही, परंतु जाताना तेही हसत गेले.

मग मी स्क्रिप्ट फोरमवर ठेवली. मोफत ठेवली, पण मोफत म्हणजे बेवारस नव्हे, हे स्पष्ट करणाऱ्या एकवीस अटी सोबत जोडल्या. चौथ्या अटीनुसार वापरणाऱ्याने सर्व अटी आपल्या खेळाच्या आरंभी, संक्षेप न करता, वाचता येतील अशा गतीने दाखवणे बंधनकारक होते. अकराव्या अटीनुसार त्या वगळून पुढे जाण्याचे बटण ठेवण्यास मनाई होती. एकोणिसावी अट विसाव्या अटीचा अर्थ लावण्याविषयी होती. पुन्हा वाचून पाहिले आणि स्वतःवरच खूष झालो.

स्क्रिप्ट कितीजणांनी उतरवून घेतली, हे तिच्याखाली आकड्यात दिसते. तेथे शून्य होते. मी रोज सकाळी तोंड धुण्याआधी ते शून्य पाहत असे. मला पैसा नको होता, मानपत्रही नको होते. जगात कोठेतरी, कोणत्यातरी अनोळखी माणसाच्या खेळात, आमचा रुमाल एकदा हलावा, एवढीच इच्छा होती. आणि ती इतकी तीव्र होती की त्या काळात मी नगरपालिकेलाही सौम्य पत्रे लिहिली.

“दुकान टाकलं अन् दारात चावरं कुत्रं बांधून ठेवलं,” पत्नी म्हणाली. “मंग कोन येईन?”

एके सकाळी शून्याचा एक झाला. आणि काही आठवड्यांनी फोरमवर एक नवा खेळ आला. संत्र्याच्या बागांमधून प्रवास करणारी एक जादूगारीण आणि तिला बाजारात घ्यावा लागणारा एक उडता बैल. बैलाच्या सौद्याची वेळ आली आणि पडद्यावर रुमाल पसरला. माझा रुमाल! तीच बोटे, तोच उचलण्याचा क्षण. माझा उल्लेख मात्र कोठेही नाही आणि एकवीसपैकी एकही अट नाही.

माझी चोरी झाली होती. मी घरभर नाचलो.

“अवं, चोरलं! कोणीतरी चोरलं!” मी पत्नीला सांगितले.

“एवढे खुश काऊन होऊन राहिले मंग?”

“खूष नाही, मी संतप्त आहे,” मी म्हणालो. आणि दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या होत्या. मी तत्काळ नोटीस लिहायला बसलो.

खेळ करणाऱ्याच्या पानावर गावाचे नाव होते सौंसर. साता समुद्रापलीकडच्या चोराची तयारी ठेवली होती आणि चोर निघाला बसच्या टप्प्यात! समक्ष भेटून नोटीस बजावणार असल्याची सूचना मी पाठवली. उत्तरात घरचा पत्ता आला आणि खाली एक ओळ : ‘चहाले या. काकूलेही आणा.’ मी काकूला नेणार नव्हतो. काकू माझ्याआधी बसमध्ये बसली.

दार उघडले ते एका गणिताच्या शिक्षिकेने; चाळिशीच्या, चष्म्याच्या, हसऱ्या. मी उभ्यानेच नोटीस वाचू लागलो. त्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकली.

“बसा न काकाजी. नाव मुद्दाम गाळलं नाही जी मी. पहिल्यानं जसा बनवला होता, तसा दाखवतो तुमाले.”

त्यांनी खेळाची पहिली प्रत सुरू केली. काळ्या पडद्यावर खालून वर, वाचता येतील अशा गतीने, माझ्या अटी चढू लागल्या. संक्षेप नव्हता. मी ताठ बसून वाचू लागलो. पहिली अट भारदस्त वाटली. दुसरीही. पाचवीपाशी चहा आला. सातवी संपता संपत नव्हती. आठवीच्या मध्यावर मला त्या उडत्या बैलाची आठवण झाली, त्याचे पंख कोणत्या रंगाचे होते ते पुन्हा पाहावेसे वाटले, आणि...

“काकाजी, दाबलं न तुमी!” शिक्षिका टाळी वाजवून ओरडल्या.

माझे बोट बटणावर होते. पडद्यावर संत्र्याची बाग उघडली होती.

“हे बटण म्हणजे अकराव्या अटीचा भंग आहे,” मी म्हणालो.

“हो जी. पहिले नव्हतं, आज तुमच्यासाठीच टाकलं. ते नसतं तं तुमी आताही आठवीवरच असते. माह्या ज्या ज्या मैत्रिणीले खेळाले दिला, तिनं सुरू होयाच्या आधीच बंद केला. मंग काढल्या साऱ्या अटी, त्यातच तुमचं नावही गेलं. तुमाले लिहाची हिंमत नाही झाली. आता सांगा, काही कमी होते का?”

“अटी बदलता येणार नाहीत,” मी जाहीर केले. “मान्य असतील तर वापरा. नसतील तर...”

“नसतीन तं जा,” पत्नीने माझे वाक्य पूर्ण केले. “वा जी वा! तुमी तं तोच तलवारवाला दुकानदार झाले.”

आजवर अनेक वकिलांचे युक्तिवाद मी ऐकले आहेत. इतक्या थोड्या शब्दांत कोणी माझे प्रकरण निकाली काढले नव्हते.

“बाई, पंचा आना,” पत्नी म्हणाली. “हेडी मी.”

पंचा आला. पत्नीने तो आपल्या आणि शिक्षिकांच्या हातांवर टाकला आणि माझा त्यांच्याशी असलेला सौदा तिने एकटीने चालवला. माझ्या एकवीस अटींचे काय होत आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. दिसत होता तो केवळ हलणारा रुमाल, अगदी माझ्या स्क्रिप्टमध्ये दिसतो तसा. शिक्षिका हसू दाबत होत्या. पत्नीच्या चेहऱ्यावर भिंतीइतकेच भाव होते.

“थांबा, एकोणिसावी महत्त्वाची आहे,” मी म्हणालो.

“मालकानं मधात बोलाचं नाही.”

“निदान विसावी...”

रुमाल दोनदा उसळला, एकदा आवळला आणि पत्नीने तो झटकन उचलून खांद्यावर टाकला.

“किती राहिल्या?” मी विचारले.

“एक.”

“एक? एकवीसमधून एक?”

“रुमाल उचलला जी.”

ही तरतूद मीच लिहिली होती, मीच जगापुढे ठेवली होती आणि तिला अपील ठेवले नव्हते. मला हसू आले. प्रथम थोडे, मग इतके की चहा बशीत सांडला, मग शिक्षिकाही सुटल्या आणि शेवटी रामाकोन्याची भिंतसुद्धा कोसळली.

“कोनती ठेवाची, ते तुमी ठरवा काकाजी,” डोळे पुसत शिक्षिका म्हणाल्या.

मला विचार करावा लागला नाही. रोज सकाळी तोंड धुण्याआधी मी जे पाहत होतो, तेच मी लिहून दिले : ‘वापरल्यास कळवावे.’ नोटिशीची घडी घालून मी खिशात ठेवली. दलाली म्हणून पत्नीने पिशवीभर संत्री वसूल केली आणि परतीच्या बसमध्ये अर्धी संपवली.

आता माणसे कळवतात. कोणी नुसते ‘वापरले’ असे लिहितो, कोणी चित्र पाठवतो. मी प्रत्येकास रीतसर पोच देतो, विषय आणि संदर्भ घालून. परवा एका अनोळखी माणसाने कळवले की त्याच्या खेळात हा सौदा एका ड्रॅगनशी होतो. परंतु ड्रॅगनच्या पंजाला तीनच नखे असल्याने तो पाच म्हणू शकत नाही. यावर उपाय सुचवावा, ही विनंती.

मी संतापलो. तीन नखांच्या प्राण्याला बाजारात आणण्याआधी विचार करायला नको होता काय? तसे कडक पत्र लिहायला मी बसलो, तेवढ्यात पत्नीने पंचा आणून माझ्या हातावर टाकला. आपला हातही तिने त्याखाली घातला, अंगठा आणि करंगळी आत दुमडून.

“आता मी ड्रॅगन,” ती म्हणाली. “बोला, काय देता?”