आमच्या व्याह्यांचा बेल्जियमवाला

जगात कोणावरही विश्वास न ठेवता सुखाने जगता येतं, हे दाखवून देण्यासाठीच आमच्या व्याह्यांचा जन्म झाला असावा. माझी मुलगी त्यांच्या घरी द्यायची ठरली तेव्हा त्यांनी आमच्या भावकीची इतकी कसून चौकशी केली की मलाच एक चुलता नव्याने कळला. बोरी अरबला त्यांची कपाशीची शेती, आणि शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात. यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि दुकानदाराने आत काय भरलं असेल या संशयाने तो आतून पार धुऊन काढला. मग कॉम्प्युटर चालवणारी, लिनक्स नावाची फुकटची यंत्रणा घातली. तीही तयार नव्हे, एकेक तुकडा स्वतः जोडून. "आयतं घेतलं तं आत काय हाय हे कसं समजन, इवाई?" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

कीबोर्डवरची अक्षरंही त्यांनी आपल्या मर्जीने लावली. पासवर्ड अर्थातच मराठीत ठेवला. पण मशीन सुरू होताना ही मांडणी लागूच व्हायची नाही. पासवर्ड विचारला जायचा तेव्हा कीबोर्ड इंग्रजी. मांडणी बदलल्याशिवाय आत जाता येईना आणि आत गेल्याशिवाय मांडणी बदलता येईना. विहीणबाईंनी साधा इंग्रजी पासवर्ड ठेवायला सुचवलं, तर त्यांनी अख्खी यंत्रणा पुन्हा पायापासून बांधायला घेतली. तिकडे शेतात कापूस फुटून लोंबत होता.

खरा कहर मात्र प्रमाणपत्रांनी केला. इंटरनेटवरची साइट आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवते, आणि असली प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांची यादी मशीनमध्ये असते. व्याह्यांनी ती वाचली. त्यात ओळखीचं कोणीच निघेना. "हा बेल्जियमचा कोन? याले मी काहून मानू? याले प्रमाणपत्र कोनं देलं?" शोध घेतला, तर त्याने ते स्वतःच स्वतःला दिलेलं! "म्हंजे चांगल्या वागनुकीचा दाखला मीच मले लिहून देऊ!" आणि त्यांनी सगळी यादी पुसून टाकली. मी हसलो नाही. कापसाने माणसांना पार खचवलेली ती वर्षं होती, आणि आदल्याच हंगामात 'प्रमाणित' असा शिक्का असलेलं बियाणं त्यांच्या शेतात उगवलंच नव्हतं.

अशात जर्मनीत नोकरीला असलेल्या मुलगी-जावयांकडे आम्हा दोघांची पहिली नात जन्मली. जावयांनी तिचा फोटो मेलवर पाठवला. मी तो यवतमाळच्या कॅफेत पाहिला, विहीणबाई शेजारणीला घेऊन दारव्ह्याला पाहून आल्या. व्याह्यांच्या मशीनवर मेलची साइटच उघडेना, कारण तिची हमी नेमकी त्या बेल्जियमवाल्याने घेतलेली. कॅफेत चला म्हटलं, तर म्हणाले, "आपल्या नातीले परक्याच्या मशीनवर पाहू?" फोनवर मात्र रोज तोच प्रश्न: "नाक कोनासारखं हाय?"

"आमच्यासारखं," मी ठोकून द्यायचो.

त्यावर पलीकडून फोन खाडकन ठेवला जायचा.

शेवटी एका दुपारी मी बोरीला गेलो. व्याही बंद साइटसमोर हिरमुसून बसलेले. विहीणबाई दारातून म्हणाल्या, "पोरगी चालाले लागल्यावर पाहान का तिले?"

व्याह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. माझ्या शब्दावर नाक मानायचं की परक्याच्या शब्दावर साइट, एवढाच प्रश्न उरला होता. त्यांनी पुसलेल्या यादीतून बेल्जियमवाल्याला तेवढं परत घेतलं. नेट संथ, फोटो वरून खाली हळूहळू उलगडत आला. जावळ आलं, कपाळ आलं, आणि मग नाक. चांगलं जाडजूड, व्याह्यांचंच.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"इवाई, तुमी खोटं बोलले," ते म्हणाले. "तो बेल्जियमवाला खरा मानूस निंघाला."

मग ते पडद्यावरच्या त्या इवल्या नाकावर बोट टेकवून बसून राहिले. इतक्या लांबचं ते पोर मांडीवर कधी यायचं, या विचारात मीही खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.